भूत कधी येणार, असं विचारणाऱ्या वाचकांना खुलं पत्र

अमेरिकी भयकथाकार स्टीफन किंगच्या कादंबऱ्या वाचणाऱ्या, अर्ध्यावर सोडणाऱ्या आणि त्यांच्याविषयी तावातावानं मत देणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातल्या निम्म्यांशी माझं भांडण आहे आणि उरलेल्या निम्म्यांशी त्याहून थोडं जास्त. पहिल्या निम्म्यांची तक्रार ठरलेली: फार पाल्हाळ, भूत यायला तीनशे पानं, आणि एवढं करून शेवट फुसका. दुसरे निम्मे भक्त. किंगनं किराण्याची यादी छापली तरी ते तिच्यात थरार शोधतील. एकांना भूत हवंय, दुसऱ्यांना देव. मधल्या मध्ये ज्या गावात हे सगळं घडतं, त्या गावाकडे बघायला कुणाला सवड नाही. म्हणून हे पत्र.

आधी माझी कबुली. ‘सेलम्स लॉट’ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी कॉलेजात होतो. पिशाचाची कादंबरी आहे एवढं कानावर आलं होतं, त्यामुळे पिशाच कुठे भेटतं ते शोधत पानं उलटली. दूधवाला आला, पान उलटा. भाड्यानं खोल्या देणारी बाई आली, उलटा. दोन रात्रींत पुस्तक संपवलं आणि मित्रांना सांगितलं, ‘बरी आहे, पण भीती नाही वाटत.’ पुढे बारा-तेरा वर्षांनी तापानं पडलो असताना हाताशी तेवढंच एक पुस्तक होतं. दुसरं काम नव्हतं, म्हणून सगळी पानं वाचली. त्या रात्री उठून खिडकीची कडी दोनदा तपासली. पुस्तक तेच होतं, पानंही तीच होती. गाळलेली तेवढी या वेळी वाचली होती.

(आपल्यातले बरेच जण त्या गावाला इंग्रजीच्या आधीच जाऊन आलेत म्हणा, नारायण धारपांच्या ‘लुचाई’तून. तो वेगळा विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही.)

१९७५ सालच्या या कादंबरीचा जन्म शाळेच्या वर्गात झाला. किंग तेव्हा अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मेन राज्यात इंग्रजीचा मास्तर होता आणि मुलांना ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही पिशाच काउंटची कादंबरी शिकवत होता. हा काउंट विसाव्या शतकात अमेरिकेत आला तर काय होईल, असा विषय घरी निघाला. न्यूयॉर्कमध्ये उतरला तर टॅक्सीखाली सापडून मरेल, असा विनोदही झाला. मग तो मेनमधल्या एखाद्या आडगावात आला तर? या प्रश्नात अख्खा किंग आला, असं मला वाटतं. स्टोकरचा काउंट लंडनला जातो, कारण तिथल्या गर्दीत त्याला कुणी ओळखणार नाही. किंगचा पिशाच बार्लो तेराशेच्या आसपास वस्तीच्या गावात येतो, जिथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. वरवर पाहता पिशाचासाठी ही अगदी चुकीची जागा. चार दिवसांत बोंब व्हायला हवी.

ती होत नाही, आणि का होत नाही हेच त्या गाळलेल्या पानांत लिहिलेलं आहे.

‘द लॉट’ नावाची प्रकरणं आठवा. पहाटे चारला गोठ्यात दूध काढणारी ग्रिफेन मंडळींची दोन पोरं. मग दूधवाला. मग दफनभूमीच्या फाटकाच्या सुळ्यांवर कुणीतरी मारून अडकवलेला कुत्रा. मग ट्रेलरमध्ये राहणारी सँडी मॅकडूगल, स्वतःच पोरसवदा, जी रडणाऱ्या तान्ह्या बाळाला मारते आणि मग घाबरून त्याला कुरवाळते. दुर्बीण आणि टेलिफोन घेऊन खिडकीत बसलेली मेबल वर्ट्स. ‘गाव तिथे उकिरडा’ ही म्हण किंगला माहीत असायचं कारण नाही, पण त्याच्या गावात उकिरडा आहे आणि त्याचा राखणदारही आहे, डड रॉजर्स, जो उंदरांवर बंदूक चालवून दिवस घालवतो. किंग घड्याळ लावून दारोदार फिरतो आणि प्रत्येक घरात एक एक गोष्ट दाखवून पुढे जातो. तुम्ही म्हणता, काहीच घडत नाही. अहो, बाळाला मारणं हे घडणं नाही?

शहरात माणूस बेपत्ता झाला तर कुणाला कळत नाही, कारण त्याला ओळखणारं कुणी नसतं. लहान गावात उलटा प्रकार. तिथे प्रत्येकाविषयी सगळ्यांचं मत आधीच बनलेलं असतं. अमका दिसला नाही? प्यायला असेल. तमकी दार उघडत नाही? तिचं पहिल्यापासून असंच. फोन लागत नाही? बिल भरलं नसेल. प्रत्येक रिकाम्या घरासाठी गावाकडे कारण तयार असतं, आणि त्या कारणांच्या आडोशानं बार्लो एकेक घर गिळत जातो. दुर्बीण घेऊन बसलेली मेबल असूनही गावाला दिसत नाही. खरं म्हणजे ती बसलेली आहे म्हणूनच दिसत नाही. दुसऱ्याची लफडी शोधायला बसलेल्या डोळ्यांना मरण ओळखू येत नाही.

आणि त्या पिशाचाला गावात घेतलं कुणी? लॅरी क्रॉकेटनं. हा जमिनींचे व्यवहार करणारा माणूस. बार्लोचा साथीदार स्ट्रेकर त्याच्याकडे टेकडीवरचं ओसाड मार्स्टन हाऊस आणि बंद पडलेली लाँड्री मागतो, किंमत नावापुरता एक डॉलर. बदल्यात पोर्टलंडच्या बाजूची सोन्याच्या भावाची जमीन. अट एवढीच की विचारायचं नाही आणि बोलायचं नाही. क्रॉकेट कागद वाचतो, हिशोब करतो आणि गप्प बसतो. पिशाचाला आमंत्रणाशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, हा जुना नियम सगळ्यांना पाठ आहे. किंगनं तोच नियम अख्ख्या गावाला लावला आणि आमंत्रण खरेदीखताच्या रूपात दिलं. इतकी हुशारीची जागा, आणि आपण तिला ‘जमिनीच्या व्यवहाराचं लांबण’ म्हणून हातावेगळं करतो. मीही केलं होतं.

एक नमुना अजून. चार्ली ऱ्होड्स हा शाळेच्या बसचा चालक. पोरांनी बसमध्ये चूं केलेलं त्याला चालत नाही. आवाज केला की उतरवून देतो, जा पायी. दिवसाच्या पानांत हा माणूस दीड-दोन पानांपुरता येतो आणि जातो, तुम्ही वैतागता की याचं काय काम. मग बऱ्याच पानांनी, एका रात्री, त्याच्या घराबाहेर उभ्या बसचा हॉर्न वाजतो. पुढचं मी सांगत नाही. दिवस गाळलेल्यांना ती रात्र वाचून काही वाटणार नाही, एवढं मात्र खात्रीनं सांगतो.

आता ‘इट’. पहिल्या आवृत्तीची ११३८ पानं, १९८६ साल, डेरी नावाचं गाव. बहुतेक मतं विदूषकाच्या रूपात येणाऱ्या तिथल्या भुताभोवती फिरतात. तो भीतिदायक आहे, सिनेमातला बरा की पुस्तकातला, वगैरे. मला त्या कादंबरीत सगळ्यात जास्त घाबरवतो तो एक वर्तमानपत्र वाचणारा म्हातारा. बेव्हर्ली नावाच्या मुलीला गुंड पोरं भर रस्त्यात गाठतात. समोरच्या ओसरीवर शेजारी बसलेला आहे. तो बघतो, उठतो, वर्तमानपत्राची घडी घालतो आणि घरात निघून जातो. बस्स. तो काही करत नाही, आणि डेरीत दर २७ वर्षांनी जे परत येतं ते या काहीच न करण्यावर पोसलं जातं.

ग्रंथपाल माइक हॅनलनच्या टिपणांची मधली प्रकरणं लोक सरसकट ओलांडतात, हे ऐकून तर मी कपाळाला हात लावतो. ती त्या पुस्तकाची हाडं आहेत! १९२९ साली गावातल्या अब्रूदार माणसांनी भर चौकात दरोडेखोरांच्या ब्रॅडली टोळीची गोळ्यांनी चाळण केली आणि मग ‘आम्ही त्या दिवशी गावात नव्हतोच’ म्हणाले. १९३० साली काळ्या सैनिकांचा ‘ब्लॅक स्पॉट’ हा क्लब गोऱ्यांच्या संघटनेनं पेटवला. विदूषक या सगळ्यात असतो, पण कडेला, जत्रेत फुगेवाला असतो तसा. गोळ्या माणसंच झाडतात आणि काडीही माणसंच लावतात.

हे काल्पनिक आहे म्हणून सोडून द्यायचीही सोय नाही. कादंबरीच्या सुरुवातीलाच एड्रियन मेलन या समलिंगी तरुणाला पुलावरून पाण्यात टाकतात, तो भाग आठवतो? काही वाचकांना तो ‘ओढूनताणून घातलेला’ वाटतो. जुलै १९८४ मध्ये, किंग तेव्हा राहत होता त्या बँगोर शहरात, चार्ली हॉवर्ड नावाच्या २३ वर्षांच्या समलिंगी तरुणाला तीन किशोरवयीन मुलांनी पुलावरून केंडस्कीग ओढ्यात फेकलं आणि तो बुडाला. किंगनं त्यातून मेलन उभा केला. म्हणजे ज्या भागात तुम्हाला भूत फार उशिरा येतं असं वाटलं, तो भाग भुताविना एकदा घडून गेलेला होता.

लांबीविषयी मात्र मी आंधळी वकिली करणार नाही. ‘इट’मधला गटारांतला शेवटचा पाठलाग लांबलाय. आणि त्याच भुयारात मुलांच्या तोंडी नाही, अंगावरच लादलेला तो जो लैंगिक प्रसंग आहे, त्याचं समर्थन मला करता येत नाही आणि करायचंही नाही. बालपण संपण्याची खूण दाखवायला दुसरे शंभर मार्ग होते. भक्तांनो, इथे ‘त्या काळाच्या मानानं’ असं म्हणू नका. त्या काळीही ते वाईटच होतं.

शेवटांविषयी थोडं सविस्तर बोलू, कारण तुमचा सगळ्यात आवडता दगड तोच. किंगचे शेवट फसतात, हा आता इतका जुना विनोद झालाय की ‘इट’च्या २०१९ सालच्या दुसऱ्या चित्रपटात खुद्द किंग जुन्या वस्तूंच्या दुकानदाराच्या भूमिकेत येऊन लेखक असलेल्या नायकाला तेच ऐकवतो. कारणही त्यानं २००० सालच्या ‘ऑन रायटिंग’मध्ये एका अर्थानं सांगून ठेवलंय. गोष्ट म्हणजे जमिनीत गाडलेला जीवाश्म, लेखकानं हलक्या हातानं उकरून काढायचा, आधी आराखडा आखायचा नाही. अशा कामात कधी अख्खा सांगाडा हाती लागतो, तर कधी शेपटी तुटते.

पण शेपटी नेमकी कुठे तुटते याविषयी माझं तुमच्याशी पटत नाही. तुम्ही म्हणता, ‘इट’च्या शेवटी तो विदूषक म्हणजे एक मोठा कोळीच निघाला, हसू आलं. माझी अडचण कोळ्याच्या आकाराशी नाही. इतकी पानं किंग सांगत आला की दोष गावाचा आहे, आणि शेवटी दोषाला पाय फुटून तो एका बिळात जाऊन बसतो. मग त्याला मारलं की झालं. ओसरीवरचा म्हातारा सुटला. ब्रॅडली टोळीवर गोळ्या झाडणारे सुटले. ही सुटका मला खटकते. किंगलाही ती कुठेतरी टोचत असावी, कारण कोळी मरतो तेव्हा तो वादळ आणून डेरीचा मध्यभागच कोसळवतो. गावाला शिक्षा होते खरी, पण ती निसर्गाकडून. कुणालाही आरशात बघावं लागत नाही.

याउलट ‘पेट सेमेटरी’, १९८३. तिच्या शेवटाबद्दल फारशी तक्रार ऐकू येत नाही, आणि ती का येत नाही याचा विचार व्हायला हवा. किंग ऑरिंग्टन गावात भाड्याच्या घरात राहत असताना दारासमोरून मालमोटारी भरधाव जायच्या, मुलीचं मांजर त्या रस्त्यावर मेलं, आणि जवळच्या रानात गावातल्या पोरांनी प्राण्यांसाठी दफनभूमी केलेली होती. कादंबरी लिहून झाल्यावर ती त्याला स्वतःलाच इतकी काळी वाटली की त्यानं बाजूला ठेवून दिली. पुढे प्रकाशकाशी असलेला करार मिटवायला ती बाहेर काढली. तिच्यात मारून टाकता येईल असं भूत नाही. प्रेमळ शेजारी जड क्रँडल आहे, जो चांगल्या मनानं मेलेल्यांना परत आणणाऱ्या जागेची वाट दाखवतो, आणि ती वाट पुन्हा पुन्हा चालणारा बाप आहे. सुटायला जागाच नाही, म्हणून शेवट घट्ट बसतो.

‘अंडर द डोम’च्या (२००९) शेवटावर तर तुम्ही विशेष चिडता. हजारावर पानं वाचली आणि गावावरचा तो अदृश्य घुमट परग्रहावरच्या पोरांचा खेळ निघाला! मान्य, मीही पुस्तक आपटलं होतं. पण एकदा मोजून बघा: चेस्टर्स मिल या त्या गावातली किती माणसं घुमटानं मेली आणि किती गावानं मारली. आठवडाभराच्या आत जुन्या गाड्या विकणारा, गावच्या कारभारी मंडळातला बिग जिम रेनी पोलीस आपल्या खिशात घालतो, अन्न आणि गॅस ताब्यात घेतो, आणि गावाची होळी करणारी आग पेटते ती त्याच्याच अमली पदार्थांच्या कारखान्यातून. परग्रहावरच्या पोरांनी फक्त झाकण ठेवलं. आत जे उतू गेलं ते गावाचंच होतं. ‘गाव करी ते राव काय करी’ म्हणतो आपण कौतुकानं. किंगच्या पुस्तकात ती म्हण वाचून बघा.

‘नीडफुल थिंग्ज’वर (१९९१) मी फार थांबत नाही. किंगच्या बऱ्याच गोष्टी घडतात त्या कासल रॉक गावात लेलंड गाँट नावाचा परका माणूस दुकान थाटतो. अकरा वर्षांच्या ब्रायन रस्कला हवं असलेलं बेसबॉलपटूचं कार्ड त्याला ८५ सेंटला मिळतं, आणि वर एका बाईच्या वाळत घातलेल्या चादरींवर चिखल फेकायचा. एवढंच. बाकी भांडण गावाच्या पोटात आधीच मुरलेलं असतं, गाँट फक्त विरजण लावतो. शेवटी शेरीफ अॅलन पँगबॉर्न हातचलाखीच्या खेळण्यांनी त्याला पळवून लावतो, ते मला पोरकट वाटतं. ही कासल रॉकची शेवटची गोष्ट असं मुखपृष्ठावरच छापलं होतं. पुढे २०१७ आणि २०१८ मध्ये किंग पुन्हा त्याच गावात परतला. गाव सुटत नाही माणसाला, काय करणार.

जाता जाता विद्वानांनाही दोन शब्द. २००३ साली अमेरिकेच्या नॅशनल बुक फाउंडेशननं किंगला साहित्यसेवेचं पदक दिलं तेव्हा समीक्षक हॅरॉल्ड ब्लूम खवळले. हा तर चवन्नीछाप भयकथांचा लेखक, अशा आशयाचं त्यांनी लिहिलं. एकेका वाक्याकडे बघितलं तर ब्लूमसाहेबांना उत्तर देणं अवघड आहे. किंगचं वाक्य पुष्कळदा सैल असतं, बोलता बोलता सुटलेलं असतं. पण लहान गाव उभं करायला दरबारी भाषा लागत नाही. कट्ट्यावरची लागते, आणि ती त्याच्या कानात आहे.

भक्तांनो, तुमची पाळी. ‘तुम्हाला कळलंच नाही’ हे उत्तर बंद करा. किंगच्या गावांत काही साचे पुन्हा पुन्हा येतात, हे कबूल करायला काय हरकत आहे? दैवी कोपाची भाषा करणारी बाई ‘कॅरी’त आई म्हणून येते आणि ‘द मिस्ट’मध्ये सुपरमार्केटात मिसेस कारमोडी म्हणून. चाकूवाला गुंड पोरगा तर गावागणिक एक. ‘द शायनिंग’मधल्या हॅलरनसारखा काळा माणूस दिव्य शक्ती घेऊन गोऱ्या कुटुंबाला वाचवायला धावतो, तसे आणखी काही जण इतर पुस्तकांतही आहेत. आणि नायक लेखक. पुन्हा लेखक. या गोष्टी बोलून दाखवल्यानं किंग लहान होत नाही. गावातल्या लोकांनी न बोलता गिळलेल्या गोष्टींचं पुढे काय होतं, हे त्याच्याच पुस्तकांतून शिकलात ना?

सगळ्यांकडे मिळून एक मागणं आहे. यापुढे मत द्याल तेव्हा ‘भीती वाटली’ किंवा ‘नाही वाटली’ यावर थांबू नका. कुणाची वाटली ते सांगा. त्या गावात तुम्ही राहत असता तर कोणत्या घरात असता, हेही सांगा. मी ताप उतरल्यावर याचा बराच विचार केला आणि आलेलं उत्तर मला आवडलं नाही. मी दुर्बीणवाल्या मेबलच्या जवळपास कुठेतरी निघालो.

आणि माझ्या एका मित्रासाठी खास. मी दिलेली ‘सेलम्स लॉट’ तू दीडशेव्या पानाच्या आसपास खूण घालून परत केलीस, ‘यात काही घडतच नाही’ म्हणून. तुझी खूण मी काढलेली नाही. बसवाल्याचा दिवस तू वाचला आहेस. त्याची रात्र अजून राहिली आहे.

तुमच्यातलाच एक,
पानं गाळून वाचलेला वाचक